कुलदेवीच्या नावाचा पासवर्ड

धरणगावात बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना रसवंतीला पाठ लावून एक चिंचोळं दुकान उभं आहे. पाटीवर अजून 'नवल टायपिंग' असंच आहे. टायपिंगचं मशीन भंगारात जाऊन जमाना झाला, पण पाटी कोण रंगवतो? खाली निळ्या रंगात 'ऑनलाइन कामे' एवढं जोडलं की झालं.

नवल मूळचा गिरणाकाठच्या खेड्यातला. शेत भावांना पुरेना, म्हणून हा टायपिंग शिकला आणि तहसीलच्या लिंबाखाली पत्र्याच्या टेबलावर अर्ज बडवत बसला. पुढे कॉम्प्युटर आला. नवलने ब्याद म्हणून त्याला शिव्या दिल्या आणि सगळ्यांच्या आधी घेतलाही. मशीन बदललं, बोटं तीच राहिली. केस पांढरे झाले तसा नवलचा नवलआबा झाला.

बाजारातल्या लहान धंदेवाल्यांना नवलआबाशिवाय चैन नाही. तेलघाणीवाला, ठिबकच्या नळ्या विकणारा, मंडप-डेकोरेशनवाला, ट्रॅक्टरचे पार्ट ठेवणारा, सगळ्यांचा ईमेल नवलआबाने काढलेला, सगळ्यांची सरकारी पोर्टलं तोच उघडतो, कुणाच्या दुकानाचं मोबाईलवरचं पेजही तोच बघतो. गिऱ्हाईक टेकलं की मशीन पासवर्ड मागतं. गिऱ्हाईक म्हणतं, "टाक ना आबा काहीबी."

काहीबी टाकून कसं चालेल? उद्या विसरलं तर पुन्हा आबाच्याच डोक्याला ताप. म्हणून नवलआबाने एक रीत काढली. तीर्थावरच्या पुरोहितासारखा तो विचारायचा, "कुळ कोनतं? देवी कोनती?" कुणाची म्हसदीची धनदाई, कुणाची धुळ्याची एकवीरा, कुणाची पाटणची आशापुरी. तेच नाव इंग्रजी अक्षरांत, पुढे एक-दोन-तीन. माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, लग्नाची तिथी विसरेल, कुलदेवी विसरणार नाही. एवढं डोकं चालवल्याचा नवलआबाला कोण अभिमान! आणि हे सगळं खालच्या आवाजात नाही, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

समोरचा पुना चहावाला एकदा ग्लास ठेवताना म्हणाला, "आबा, कोनी देवी बदली तं पासवर्ड बदलस का?"

"देवी कोन बदलस रे, येड्या?"

"मंग पासवर्ड बी कोनी बदलाव नई. धरनगावमा जल्मले उना, त्याले बठ्ठासना पासवर्ड ठाऊक."

सगळ्यांचे पासवर्ड गावभर ठाऊक, हे ऐकून नवलआबा हसला. पुनाही हसला. त्या हसण्यात शहाणपणाची गोष्ट चहाबरोबर पोटात गेली.

ब्राउझर दर वेळी विचारायचा, हा पासवर्ड जपून ठेवू का? नवलआबा म्हणायचा, ठेव बाबा. असा अख्खा बाजार त्या एका ब्राउझरात जाऊन बसला. वरती टॅबांची रांग लागलेली, बैलपोळ्याला वेशीत बैल उभे राहतात तशी, कुणाचं शिंग कुणाच्या पोटात कळू नये. कामाचा गाडा उरकत नव्हता. तेव्हा त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. ब्राउझरला एक फुकटचं एक्स्टेन्शन जोडायचं, मग फॉर्म आपोआप भरले जातात. त्याने जोडलं. जोडताना त्या एक्स्टेन्शनने परवानगी मागितली की तुम्ही जिथे जाल तिथलं सगळं मी वाचीन आणि बदलीनही. आजवर लोकांचे अंगठे नवलआबाने घेतले होते. त्या दिवशी त्याने स्वतःचा दिला. वाचलं नाही, 'होय' दाबलं. आणि खरंच, दुपारभर चालणारं काम चहा गार व्हायच्या आत होऊ लागलं. तो बाजारात सांगत सुटला, "मी एक बिनपगारी मानूस ठेयेल शे."

त्याच्या गिऱ्हाइकांत एक झुंबरबाई होती. जवळच्याच खेड्यातली, उखर्डूची बायको, ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, करणारी. खाटेवर धोतर पसरून त्यावर ती बिबडा थापायची तेव्हा कडा न कडा सारखी यायची. तिच्या हाताखाली गल्लीतल्या बाया होत्या. धंदा गावापुरता होता, तो सुरतेपर्यंत नेला भिकनने. भिकन म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा, भाईदासचा मुलगा. शिकलेला, नोकरीच्या शोधात असलेला. त्याने खाटेवरच्या बिबड्यांचे फोटो काढले, पेज केलं, आणि पुणे-सुरतेकडे गेलेली खानदेशी माणसं त्यावर तुटून पडली. झुंबरबाई त्याला म्हणायची, "भिकन नई, तू तं मन्हा दुकानना कुबेर शे."

पेजची रोजची उठाठेव मात्र नवलआबाकडे होती. पेज उघडताना झुंबरबाईच्या मोबाईलवर कोड यायचा. नवलआबा फोन करायचा. फोन चुलीजवळच्या खुंटीला, झुंबरबाई धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर.

"अक्का, कोड उना व्हयी. सांगा बरं."

"कसाना कोड? मन्हा हात बिबडासना घाटामा शेतस! सांजले सांगसु."

रोज रोज हेच. एक दिवस नवलआबाने सेटिंगात जाऊन तो कोडच बंद करून टाकला. दाराला कडी दोन असल्या की आपल्यालाच उघडायला त्रास, असा त्याचा हिशेब. झुंबरबाईला विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती 'कर बंद' म्हणाली असती, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला.

श्रावण लागला. नागपंचमी जवळ आली, आणि एक दिवस सकाळच्या एसटीने झुंबरबाई आणि उखर्डू दुकानात उतरले. झुंबरबाईचा पदर डोक्यावर घट्ट, तोंड भट्टीसारखं.

"नवलभाऊ, पेज उघड."

"काय व्हयनं, अक्का?"

"सुरतथून मन्ही बहीनना फोन उना. म्हने, झुंबर, तुन्हा बिबडासवर उघड्या बाया नाचतस. म्हातारपनमा हाई काय धंदा काढा?"

उखर्डू भिंतीकडे बघत उभा होता. तो मुळातच कमी बोलणारा.

नवलआबाने पेज पाहिलं. खाटेवरचे बिबडे गेले होते. त्या जागी पत्ते, चकचकीत नाणी, आणि झुंबरबाईची बहीण म्हणाली त्या बाया. नाव मात्र अजून 'झुंबरबाईचे बिबडे'. त्याने आत शिरायला पासवर्ड टाकला. चुकला म्हणे. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. कुणीतरी आतून कडी लावून घेतली होती.

"कोनी करं हाई?" झुंबरबाईने विचारलं.

नवलआबाने दाराकडे पाहिलं. दुकानाच्या दारात मंडपवाला उभा होता, पुना ग्लास घेऊन थांबला होता. नवलआबाच्या मशीनमधून काही गेलं, ही वार्ता एकदा बाजारात फिरली की संपलंच. लोक किल्ली देतात ती भरवशावर. तेव्हा त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं. कुणी विचारून घेतलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"अक्का, पासवर्ड म्हंजे तुमनी धनदाई. बाहेरना मानूसले ते कसाले सुचाव? घरनाज कोनी तरी व्हयी."

बोललं आणि छातीवरचा धोंडा सरकला. कुठे जाऊन पडला, ते त्याने पाहिलं नाही.

महिन्याआधी भिकनशी तिची बोलाचाली झाली होती. त्याचं म्हणणं, माझ्या आईचा काळा मसालाही पेजवर टाकू. तिचं म्हणणं, पेज बिबड्यांचं आहे. तो रागात बोलून गेला होता, "पेज मी बनाडं, मोठमाय. ध्यानमा ठेव." मोठमाय म्हणजे मोठी चुलती. एवढंच भांडण. दोन दिवस तोंडं फिरली, मग मिटलं. आता ते मिटलेलं भांडण उठून बसलं.

उखर्डू पहिल्यांदा बोलला. "भिकन," एवढंच.

नवलआबाने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पुनाने चहा पुढे केला, त्याने तो घेतला, आणि तोंडात चहा गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मशीन सुरू केलं तर ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक सूचना आलेली. एक एक्स्टेन्शन धोकादायक आढळल्याने बंद केलं आहे, असं. खाली नाव. त्याच्या बिनपगारी माणसाचं. नवलआबाने ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग मोबाईलवर शोधलं. हे एक्स्टेन्शन फॉर्म भरता भरता पासवर्ड वाचून बाहेर पाठवत होतं, लोकांची पेजं उचलत होतं, ठिकठिकाणचे लोक रडत होते. दुसऱ्या कडीचा कोड चालू असता तर निदान पेज वाचलं असतं, असंही एकाने लिहिलं होतं.

धनदाईचा त्यात काही संबंध नव्हता. पासवर्ड कितीही अवघड असता तरी त्याने तो वाचलाच असता. चोर नवलआबाने स्वतः जेवायला बसवला होता.

त्याने एक्स्टेन्शन काढून टाकलं. सूचना गेली. पडदा स्वच्छ झाला. आता हे त्याच्याशिवाय धरणगावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होण्याचं कारणही नव्हतं. तेलघाणीवाल्याचं काम समोर होतं, त्याने ते हाताने भरलं.

चूक झाली हे सांगता आलं असतं. मशीन आहे, फसवतं, लोक दोन शिव्या देतील. पण आपण बोट केलं, आणि ते बोट एका पोराच्या छातीवर जाऊन टेकलं, हे कसं सांगायचं? सांगायचं ठरवून तो फोन उचलायचा आणि कुणाला तरी वेगळंच काही विचारून ठेवून द्यायचा.

पुना झुंबरबाईच्याच गावचा. बातमी त्याच्याकडून आली.

"आबा, आयकं का? उखर्डूना घरनी कानबाई फुटी गयी."

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, सगळ्या घरांचे गहू एका सुपात, एका जात्यात, आणि त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, कुळाच्या माणसांनीच खायचे. घरात भांडण असो, बांधावरून डोकी फुटलेली असोत, कानबाईला गहू एकत्र येतात. ते वेगळे झाले की कुळ फुटलं.

"भाईदास काय म्हने?"

"म्हने, मन्हा पोऱ्याले चोर म्हनतस, तठे मी गहू कसाले लई जाऊ? आमनी कानबाई आमना घर बसाडसूत. बठ्ठा गाव सांगी ऱ्हायना, पन तो आयकत नई." पुनाने ग्लास उचलला. "अन भिकन तं घरना बाहेरच निंघत नई. लोके त्याले इचारतस, काय रे, बाया कोठून आन्यात?"

त्याच दुपारी भिकन आला. नवलआबाला वाटलं, आता हा गचांडी धरणार. बरं होईल धरली तर. पण भिकन बाकावर बसला, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन.

"आबा, पेज परत भेटू शकस. मोठमायनं ओळखपत्र लाईसन अर्ज करना पडस. मी बठ्ठं वाचेल शे. मीच करतू, पन घरमा कोनी मन्हा हातमा कागद देत नई. तुमी करा. मी सांगस तसं."

"ओळखपत्र कोठून आनं मंग?"

"मोठाबानी गुपचूप दिधं."

म्हणजे मोठाबाला, उखर्डूला, भिकनवरच्या आळाबद्दल आतून शंका होती. नवलआबा टाइप करू लागला. भिकन शेजारी बसून एकेक रकाना सांगत होता. ज्याच्यावर आळ आला तोच चोरी शोधत होता, आणि ज्याने दार उघडं टाकलं तो त्याचं ऐकून लिहीत होता. शेवटचं बटण दाबलं तेव्हा भिकन म्हणाला,

"आबा, तुमना शबद मोठमाय मानस. एक डाव तिले सांगा ना, भिकन असा नई म्हनीसन. जामनेरले मन्हं लगीन जमी ऱ्हायंतं. त्या लोकेसनी बी इचारं, हाई काय प्रकरन शे… जाऊ द्या ते. मोठमायले सांगा फक्त."

"सांगसु," नवलआबा म्हणाला.

"कधय?"

"सांगसु ना, भो."

भिकन गेला. जाताना त्याने पाया पडायला वाकून पाहिलं, नवलआबाने पाय टेबलाखाली ओढून घेतले.

शनिवारी दुपारी तो घरी जेवायला बसला, पण ताटातली भाकरी नुसती कुस्करत राहिला. बायको द्रौपदाबाई समोर भाकरी थापत होती. ती बोलायला लागली की तव्यावरची भाकरीही ऐकते असं लोक म्हणतात.

"कितला दिन व्हयनात, ताटमा नुस्ती बोटं फिरी ऱ्हायनीत. कोनी मरी गयं का?"

त्याने सांगितलं. एक्स्टेन्शन, कोड, ते वाक्य, भिकनचं वाकणं, सगळं. द्रौपदाबाईने भाकरी उलटली, पाणी फिरवलं.

"मशीननी चोरी अन देवीवर ढकली दिधी?"

"तोंडमाथून निंघी गयं."

"निंघी गयं! शेळीना तोंडमाथून निंघस, बें. तुमी हिशेब करीसन बोल्लात. आपलं दुकान वाचाडं, लोकेसनी कानबाई फोडी." तिने भाकरी त्याच्या ताटात टाकली नाही, टोपलीत टाकली. "शनिवार शे. गहू निवडी ऱ्हायन्या व्हतीन त्या बाया. जा."

"आते?"

"मंग काय मुहूर्त काढू?"

झुंबरबाईच्या अंगणात बाया सुपं घेऊन बसल्या होत्या. गव्हाचा एक छोटा ढीग होता, एका घराचा. मागच्या वर्षी तो दुप्पट होता हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्या बघत होत्या. उखर्डू ओट्यावर सुतळी वळत होता.

"या, नवलभाऊ. पेजनं काही कळनं का?" झुंबरबाई म्हणाली.

"अक्का, भाईदासले बलावा. भिकनले बी."

"कसाले?"

"बलावा तरी."

भाईदास आला. अंगणात पाय ठेवला नाही, फाटकाशी उभा राहिला. भिकन त्याच्या मागे. नवलआबा उभ्याउभ्याच बोलला. खाली बसलो तर उठता येणार नाही असं त्याला वाटत होतं.

"पेज मन्हा मशीनमाथून गयं. मी एक फुकटनी चीज ब्राउझरले जोडी, तिनी बठ्ठा पासवर्ड वाचात. मोबाईलवर कोड येस, तो बी मीच बंद करा, अक्काले न इचारता. भिकनना काही संबंध नई. तुमी उनात, त्याना दुसरा दिन माले कळनं. तधळथून मी गप बसनू."

उखर्डूच्या हातातली सुतळी उलगडत गेली.

झुंबरबाईला मशीनचं काही समजलं नाही, आणि तिने ते समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिने नेमकं तेवढंच धरलं जे धरायचं होतं.

"मंग तू 'घरना' काबर म्हना?"

नवलआबाने भिकनकडे पाहिलं.

"मन्हं दुकान वाचाडाकरता," तो म्हणाला.

"अन आम्ही मानं," झुंबरबाई म्हणाली. ती भिकनकडे बघत होती. "तू बोट दाखाडं, पन आम्ही मानं ना."

भाईदास फाटकावरून ओरडला, "त्याले चोर तुमी म्हनं, वहिनी! नवलआबा परका मानूस. तुमना अंगनमा हाऊ पोऱ्या लहानाना मोठा व्हयना!"

झुंबरबाई उठली, सुपातले गहू पदरात घेतले आणि फाटकापर्यंत गेली. काय बोलणं झालं ते नवलआबाला ऐकू आलं नाही. तोवर उखर्डूने त्याच्याकडे पाठ केली होती, आणि एक म्हातारी त्याला म्हणाली, "जाय रे बाबा आते. तुन्हं काम व्हयनं."

रविवारी कानबाई बसली. एकाच घरात. भाईदासचे गहू आले. तो तोंड वाकडं करून आला, पण आला. पुनाने सांगितलं की रात्रभर गाणी झाली, झुंबरबाईचा आवाज बसला. भिकन मात्र पहाटेच्या एसटीने धुळ्याला निघून गेला होता. मोबाईलच्या दुकानात काम मिळालं म्हणे. त्याच्या नावाची सव्वा मूठ मोजली होती, रोटही झाला होता.

नवलआबाने त्या आठवड्यात एकेका गिऱ्हाइकाला बोलावून सांगितलं की माझ्याकडून असं असं झालं, तुमचा पासवर्ड बदला, देवीचं नाव टाकू नका, मला सांगू नका, मोबाईलवरचा कोड चालू ठेवा. पासवर्ड जपणारं वेगळं कुलूपबंद ॲप असतं, ते प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर टाकून दिलं. ब्राउझरात दर गिऱ्हाइकाचं वेगळं प्रोफाइल केलं, म्हणजे एकाचा उंबरा दुसऱ्याला लागायला नको. ठिबकवाल्याने हसून सोडलं. ट्रॅक्टरवाला काही बोलला नाही आणि पुन्हा आला नाही. मंडपवाला म्हणाला, "आबा, सांगितलं नसतं तर आम्हाला कुठे कळणार होतं?" नवलआबाला ते सगळ्यात जास्त लागलं, कारण तेच वाक्य तो स्वतःला म्हणत आला होता.

श्रावण सरता सरता पेज परत मिळाल्याचा मेल आला. भिकनने सांगून भरलेल्या त्या अर्जाने काम केलं होतं. नवलआबाने निरोप पाठवला आणि झुंबरबाई येईल की दुसऱ्या कुणाला पाठवेल याचा विचार करत बसला. ती आली. एकटी. मोबाईल पदरात बांधलेला.

"मी दुसराकडे जायेल असती," बसता बसताच ती म्हणाली. "पन दुसरा बी परकाच. तुन्हं निदान माहीत शे, काय करस ते."

नवलआबाने खुर्ची तिला दिली. मग विचारलं, "भिकन?"

"धुळाले शे. फोन करस तं हा, नई, एवढंच बोलस." ती पडद्याकडे बघत राहिली. "त्याना रोट ठेयेल शे. दुसराले देता येत नई, टाकता येत नई. वाळीसन दगड व्हयना."

"यी तो."

"तू नको सांगू, काय व्हयी ते."

त्याने मशीन पुढे सरकवलं. नवा पासवर्ड मागणारा रकाना उघडला होता.

"तोंड तिकडे कर, नवलभाऊ."

तो भिंतीकडे फिरला. भिंतीवर ठिबकवाल्याचं कॅलेंडर होतं. मागे एका बोटाने बटणं दाबल्याचा आवाज येऊ लागला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. पुना चहा घेऊन आला, आबा भिंतीला तोंड करून का उभा आहे ते त्याला कळेना, झुंबरबाईने त्यालाही हाताने बाहेर हाकललं.

"व्हयनं का, अक्का?"

"नई. एक अक्षर सापडत नई."

"कोनतं?" असं त्याच्या जिभेवर आलं होतं. सबंध आयुष्य तो हेच विचारत आला होता. त्याने ओठ मिटले आणि कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. मागे झुंबरबाई ते अक्षर शोधत राहिली.